न पाहिलेल्या सरोवरांची राणी

नकाशांच्या जाडजूड पुस्तकात सगळ्यांत दुर्लक्षित भाग कुठला असेल, तर शेवटची सूची. बारीक टायपातली, चार-चार रकान्यांची. मला ती वाचायला आवडते. तिच्यात काही नावं पुन्हा पुन्हा येतात आणि एका नावापाशी तर रकाना अडूनच बसतो : व्हिक्टोरिया. आफ्रिकेतलं सरोवर, आफ्रिकेतलाच धबधबा, ऑस्ट्रेलियातलं राज्य, सेशेल्सची राजधानी, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी, कॅनडाच्याच पार उत्तरेचं एक प्रचंड बेट, अंटार्क्टिकातला बर्फाचा एक मोठा पट्टा. हे सगळं एका बाईच्या नावाने आहे आणि त्या बाईने यांतलं काहीही पाहिलं नव्हतं. त्रेसष्ट वर्षांहून जास्त काळ राज्य केलं, पण युरोपच्या बाहेर तिने कधी पाऊल टाकलं नाही.

म्हणून हल्ली राजाराणीचं नाव दिसलं की मी त्या राजाराणीची चौकशी करत नाही. नाव ठेवलं कुणी, आणि त्या घडीला त्याला काय हवं होतं, एवढंच शोधते. उत्तर बहुतेक वेळा राजापेक्षा रंजक निघतं.

व्हिक्टोरियाच्या नावाचीच गोष्ट घ्या. १८१९ साली तिचा नामकरणविधी झाला तो भांडणात. आई-वडिलांनी जॉर्जियाना, शार्लट अशी घराण्यात शोभणारी नावं सुचवली होती. काका, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, भावावर खार खाऊन होता. त्याने एकेक नाव नाकारलं. शेवटी रशियाच्या झारवरून अलेक्झांड्रिना आणि आईवरून व्हिक्टोरिया, अशी इंग्लंडमध्ये कुणाच्या ओळखीची नसलेली दोन परकी नावं बाळाच्या वाट्याला आली. लहानपणी ती ‘ड्रिना’ होती. १८३७ साली गादीवर बसताच तिने पहिलं नाव टाकून दिलं. तोवर ऑस्ट्रेलियात चार्ल्स स्टर्ट मरी नदीच्या मुखापर्यंत पोचून तिथल्या पसरट सरोवराला ‘अलेक्झांड्रिना’ म्हणून मोकळा झाला होता, १८३० साली. राणीने टाकलेलं ते नाव सरोवराने आजवर सांभाळलं आहे. एकाच बाईची दोन खंडांत दोन सरोवरं, तीही दोन वेगळ्या नावांनी.

आफ्रिकेतलं मोठं सरोवर जॉन हॅनिंग स्पीकने पाहिलं ते ऑगस्ट १८५८ मध्ये. ‘पाहिलं’ म्हणजे दक्षिणेकडचं एक टोक पाहिलं. जवळजवळ एकोणसत्तर हजार चौरस किलोमीटरचं पाणी, त्यातला एक कोपरा बघून त्याने ठरवून टाकलं की नाईल इथूनच निघते, आणि तिथल्या तिथे राणीचं नाव दिलं. मोहिमेचा म्होरक्या रिचर्ड बर्टन तेव्हा आजारी होऊन मागे राहिला होता. त्याला हा दावा अजिबात पटला नाही. पुढची काही वर्षं दोघांत जी जुंपली, ती स्पीकच्या मृत्यूनेच थांबली. समोरासमोरच्या चर्चेच्या आदल्या दिवशी स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागून तो गेला. नाईलबद्दलचा त्याचा अंदाज बराचसा बरोबर होता. पण तो ज्या क्षणी केला गेला, त्या क्षणी हाती पुरावा तुटपुंजा आणि नाव मात्र जगातलं सगळ्यांत भारदस्त, अशी स्थिती होती. राणीचं नाव ज्या पाण्याला दिलंय ते नाईलचं उगमस्थान नाही असं म्हणायला समोरच्यालाही जरा जड जातं. गंडा भाषेत त्या पाण्याला नालुबाले म्हणणारी माणसं काठावर राहतच होती, त्यांचं नाव वहीत गेलं नाही.

डेव्हिड लिव्हिंगस्टनचा मामला थोडा निराळा. नोव्हेंबर १८५५ मध्ये झांबेझीवरच्या धबधब्यापाशी त्याला तिथल्याच लोकांनी होडीतून नेलं. ‘मोसी-ओआ-तुन्या’, गर्जणारा धूर, हे त्यांचं नाव त्याला ठाऊक होतं आणि त्याने ते लिहूनही ठेवलं. तरी वर राणीचं नाव दिलंच. मायदेशी परतला तेव्हा त्याचं जंगी स्वागत झालं आणि १८५८ साली तो सरकारी खर्चाने पुन्हा झांबेझीकडे निघाला. नावामुळेच खर्च मंजूर झाला असं म्हणणं अन्याय होईल, पण नावाने काम बिघडलं नाही एवढं नक्की. आज जागतिक वारशाच्या यादीत दोन्ही नावं शेजारी शेजारी आहेत, आणि स्थानिक नाव आधी आहे.

नावामागचा हिशेब इतका स्वच्छ आणि इतका विनोदी क्वचितच सापडतो, जितका तो विल्यम हर्शेलच्या बाबतीत सापडतो. हा मूळचा हॅनोवरचा, पेशाने संगीतकार. इंग्लंडमधल्या बाथ गावात चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, शिकवण्या करायचा आणि उरलेल्या वेळात घरी दुर्बिणीचे आरसे घासायचा. १३ मार्च १७८१ च्या रात्री त्याला एक बारीकशी चकती दिसली. आधी वाटलं धूमकेतू. काही महिन्यांत कळलं की हा चक्क ग्रह आहे, शनीच्याही पलीकडचा. माणसाला अनादि काळापासून डोळ्यांनी दिसत आले होते तेवढेच ग्रह ठाऊक होते. नवा ग्रह शोधणारा हा पहिलाच माणूस, त्यामुळे ग्रहाचं बारसं कसं करतात याचा रिवाजही नव्हता. हर्शेलने नाव ठेवलं ‘जॉर्जियम सिडस’, जॉर्जचा तारा. तिसरा जॉर्ज तेव्हा गादीवर होता आणि योगायोगाने त्याचंही घराणं हॅनोवरचं.

हर्शेलचा युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. जुन्या काळी ग्रहांना देवादिकांची नावं दिली ते ठीक, आताच्या विचारी युगात ते शोभत नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे कुणी विचारलं की हा ग्रह सापडला कधी, तर ‘तिसऱ्या जॉर्जच्या राज्यात’ हे उत्तर नावातच मिळेल. युक्तिवाद चोख. त्यामागचं गणित आणखी चोख. १७८२ पासून हर्शेलला राजाकडून वर्षाला दोनशे पौंड मिळू लागले, शिकवण्या सुटल्या आणि तो विंडसरच्या जवळ राहायला गेला. राजघराण्याने बोलावलं की दुर्बिणीतून आकाश दाखवायचं, एवढंच काम. मला यात ओशाळं वाटण्यासारखं काही दिसत नाही. त्या दोनशे पौंडांतून खगोलशास्त्राला जे मिळालं ते अफाट आहे. राजालाही सौदा महाग पडला नाही. ज्या वर्षी ग्रह सापडला त्याच वर्षी यॉर्कटाऊनला त्याच्या फौजेने शरणागती पत्करली आणि अमेरिका हातची गेल्यात जमा झाली. खाली एक खंड गेला, वर एक ग्रह आला.

पण ग्रह काही एकट्या इंग्लंडचा नव्हता. फ्रान्समधल्या लालांदने त्याला ‘हर्शेल’ म्हणायचं ठरवलं. बर्लिनच्या बोडेने युरेनस सुचवलं आणि क्लापरोथ या रसायनशास्त्रज्ञाने १७८९ साली नव्या मूलद्रव्याला युरेनियम नाव देऊन बोडेच्या पारड्यात वजन टाकलं. इंग्लंडचं सरकारी नाविक पंचांग मात्र १८५० च्या सुमारापर्यंत ‘द जॉर्जियन’ छापत राहिलं. राजा जाऊन तीस वर्षं झाली होती, जगाने नाव बदलून जमाना झाला होता, तरी पंचांग हटून बसलं. आणि जाता जाता : या ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी मारायला ८४ वर्षं लागतात. तिसरा जॉर्ज ८१ वर्षं जगला. स्वतःच्या ताऱ्याचं एक वर्षसुद्धा त्याच्या आयुष्यात पुरं झालं नाही.

हर्शेलच्या डोळ्यांसमोर कित्ता होता तो गॅलिलिओचा. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओला गुरूभोवती फिरणारे चार चंद्र दिसले. पुस्तिका छापायला घेतली आणि त्यात टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो याच्यावरून ‘कॉस्मिक’ तारे असं नाव घातलं. दरबारातून निरोप आला की एकट्या कोझिमोपेक्षा सगळ्या मेदिची घराण्याचं नाव बरं, भाऊही चारच आहेत. तोवर पानं छापून झालेली. मग छापील शब्दावर नव्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या गेल्या. चिठ्ठ्या चिकटवलेल्या त्या प्रती अजून आहेत. त्याच वर्षी गॅलिलिओ पादुआची प्राध्यापकी सोडून ड्यूकचा दरबारी गणिती आणि तत्त्वज्ञ झाला. विश्वाच्या रचनेला धक्का देणारी पुस्तिका, आणि तिच्यावर डिंकाने डकवलेला नोकरीचा अर्ज. मला तर यामुळे गॅलिलिओ जास्तच जवळचा वाटतो.

आज त्या चंद्रांना एकत्रितपणे काय म्हणतात? गॅलिलियन चंद्र. मेदिची गेले, अर्जदार राहिला. कासिनीने शनीचे चार चंद्र शोधून चौदाव्या लुईच्या चरणी वाहिले, तेही नाव टिकलं नाही. त्या चंद्रांना आज आपण ज्या नावांनी ओळखतो, रिया, डायोनी, टेथिस, आयापेटस, ती हर्शेलच्याच मुलाने, जॉनने सुचवलेली. देवादिकांची. वडिलांच्या युक्तिवादाचं त्याने काय केलं ते यावरून दिसतंच.

आकाशात राजांची डाळ शिजत नाही, असा माझा या सगळ्यावरून समज झाला आहे. एडमंड हॅली सेंट हेलेना बेटावरून दक्षिणेचे तारे मोजून आला आणि त्याने एक नवा तारकासमूहच मांडला, ‘चार्ल्सचा ओक’. वूस्टरच्या लढाईत हरल्यावर दुसरा चार्ल्स ज्या ओकच्या झाडात लपला होता, ते झाड. लपून बसण्याच्या जागेला आकाशात अढळपद द्यायला निष्ठा बरीच लागते. पुढच्या पिढीतल्या लाकाईने ते झाड नकाशातून काढून टाकलं. पोलंडच्या हेवेलियसची कथा त्याहून बोलकी. तिसरा यान सोबिएस्की १६८३ साली व्हिएन्नाचा वेढा उठवून आला, त्याच्या नावाने हेवेलियसने पुढच्याच वर्षी ‘सोबिएस्कीची ढाल’ हा तारकासमूह बसवला. आजच्या अधिकृत ८८ तारकासमूहांत तो आहे, पण नुसता ‘स्कुटम’, म्हणजे ढाल. धरणाऱ्या हाताची नोंद पुसली गेली.

जमिनीवर गणित वेगळं. तिथे नावाला दगड लागतो, कुंपण लागतं, कधी कधी कर्जही. दुबईत जगातली सगळ्यांत उंच इमारत बांधली जात होती तेव्हा ती सगळ्यांच्या तोंडी ‘बुर्ज दुबई’ होती. २००९ च्या डिसेंबरात दुबई कर्जात बुडू लागली आणि शेजारच्या अबू धाबीने दहा अब्ज डॉलर देऊन तिला वर काढलं. तीनच आठवड्यांनी, ४ जानेवारी २०१० ला उद्घाटन झालं तेव्हा ८२८ मीटरच्या त्या मनोऱ्याचं नाव होतं ‘बुर्ज खलिफा’, अबू धाबीचे तेव्हाचे अमीर आणि संयुक्त अरब अमिरातीचे तेव्हाचे अध्यक्ष शेख खलिफा यांच्यावरून. इथे पैसे आधी आणि नाव नंतर. उगीच आडपडदा नाही.

काही नावं मात्र हिशेबाच्या पलीकडे निघून जातात, आणि तिथे माझी गाडी दर वेळी थांबते. १५४३ साली रुई लोपेझ दे व्हियालोबोस नावाचा स्पॅनिश कप्तान आशियाच्या पूर्वेकडच्या बेटांशी पोचला आणि त्यांतल्या एक-दोन बेटांना त्याने ‘फेलिपिनास’ म्हटलं. ज्याच्यावरून म्हटलं तो फिलिप तेव्हा राजाही नव्हता, पंधरा-सोळा वर्षांचा युवराज होता. व्हियालोबोसची मोहीम फसली. माणसं उपाशी मरायला लागली, उरलेले पोर्तुगिजांच्या हाती लागले, तो स्वतः तिकडेच वारला. फसलेल्या मोहिमेतून शिल्लक राहिलं ते एवढं नाव. मग ते पसरत पसरत सात हजारांहून जास्त बेटांवर चढलं. फिलिपने ती बेटं कधी पाहिली नाहीत. सुरुवातीला ‘फिलिपिनो’ म्हणजे तिथे जन्मलेला स्पॅनिश माणूस. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मूळच्या लोकांनी ते नाव आपलं म्हणून उचललं आणि १८९८ साली स्पेनचं जोखड झुगारलं ते याच नावाखाली. ज्या राजसत्तेशी लढायचं तिच्याच एका जुन्या राजाचं नाव निशाणावर. पुढे मार्कोसच्या काळात देशाला ‘महार्लिका’ म्हणावं अशी टूम निघाली, २०१९ मध्ये दुतेर्तेंनी ती पुन्हा काढली. लोकांनी ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या मते लोकांचं बरोबर होतं. चार शतकं वापरून वापरून त्या नावातला फिलिप झिजून गेला आहे. आता ते बदलायचं तर राजाकडून नव्हे, लोकांकडून काढून घ्यावं लागेल.

अमेरिकेने हेच दुसऱ्या बाजूने दाखवलं. ९ जुलै १७७६ ला न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवला गेला आणि जमाव थेट बोलिंग ग्रीनला गेला. तिथला तिसऱ्या जॉर्जचा सोन्याचा मुलामा दिलेला शिशाचा पुतळा दोर लावून पाडला. शिसं कनेक्टिकटला नेऊन वितळवलं आणि त्यातून बंदुकीच्या ४२,०८८ गोळ्या पाडल्या, राजाच्याच सैनिकांवर झाडायला. इतका राग. आणि राज्यांची नावं? जॉर्जिया त्याच जॉर्जच्या आजोबांवरून. व्हर्जिनिया पहिल्या एलिझाबेथवरून. मेरीलंड राणी हेन्रिएटा मारियावरून. दोन्ही कॅरोलिना चार्ल्सवरून. खुद्द न्यूयॉर्क अशा ड्यूकवरून, जो पुढे राजा झाला. तेरा वसाहतींपैकी सहा राजघराण्याच्या नावाच्या, आणि एकीलाही आपलं नाव वितळवावंसं वाटलं नाही. बोस्टनच्या ‘किंग स्ट्रीट’चा ‘स्टेट स्ट्रीट’ झाला, न्यूयॉर्कच्या ‘किंग्ज कॉलेज’चं ‘कोलंबिया’ झालं. म्हणजे ‘राजा’ हा शब्द खुपत होता, जॉर्ज खुपत नव्हता! व्हर्जिनियात राहणारा माणूस स्वतःला व्हर्जिनियन म्हणवत लढायला निघाला होता, त्याला त्यात एलिझाबेथ ऐकू येत नसावी.

जिथे नाव लोकांच्या अंगवळणी पडायला वेळच मिळाला नाही, किंवा ज्याच्या मागे रक्त फार सांडलं, तिथे ते टिकलं नाही आणि टिकू नये. बेल्जियमचा दुसरा लिओपोल्ड काँगोत कधी गेला नाही, पण १८८५ पासून १९०८ पर्यंत तो मुलूख त्याची खासगी मालमत्ता होता. रबरासाठी तिथे काय काय झालं ते इथे दोन ओळींत उरकणं मला जमणार नाही. स्टॅन्लीने १८८१ साली वसवलेलं लिओपोल्डव्हिल १९६६ मध्ये किन्शासा झालं. हे करणारा तिथला हुकूमशहा मोबुतू. त्यानेच पुढे आल्बर्ट सरोवराचं नाव बदललं. व्हिक्टोरिया राणीचा नवरा आल्बर्ट वारल्यावर तीन वर्षांच्या आत सॅम्युएल बेकरने त्याच्या स्मरणार्थ दिलेलं ते नाव. बदलून काय ठेवलं? मोबुतू सेसे सेको सरोवर. शेजारी युगांडाच्या इदी अमीनने एडवर्ड सरोवराला स्वतःचं नाव देऊन टाकलं. राजाचं नाव खोडून काठावरच्या लोकांचं जुनं नाव परत द्यावं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दोघे गेले आणि नकाशावर आल्बर्ट आणि एडवर्ड पुन्हा अवतरले. हुकूमशहापेक्षा मेलेला राजपुत्र परवडला असा विचार कुणी केला असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही.

स्वतःच्या नावाचा हा सोस रोमन सम्राटांनी कॅलेंडरवरही काढला. जुलै सीझरचा, ऑगस्ट ऑगस्टसचा, हे शाळेत कळतं. बाकीच्यांनी केलेले प्रयत्न शाळेत सांगत नाहीत. नीरोने एप्रिल घेतला. डोमिशियनने सप्टेंबर आणि ऑक्टोबर दोन्ही. कोमोडसने तर बाराच्या बारा महिन्यांना आपल्याच बिरुदांची नावं दिली. मरणानंतर सगळं पूर्ववत. टायबेरियसने मात्र नकार दिला. तेरावा सीझर निपजला तर काय कराल, असं त्याने म्हणे सिनेटला विचारलं. रोमन सम्राटांच्या एकूण इतिहासात इतकं शहाणपणाचं वाक्य दुर्मिळच.

वनस्पतींकडे वळते, कारण तिथे राण्यांची सरशी आहे आणि एक मजेदार हारही आहे. केपकडच्या ज्या नारिंगी-निळ्या फुलाला ‘बर्ड ऑफ पॅरडाइज’ म्हणून पुष्पगुच्छात खोचतात, ते शास्त्रीय नावाने स्ट्रेलिट्झिया रेजिने, तिसऱ्या जॉर्जच्या राणीचं. ती मेक्लेनबुर्ग-स्ट्रेलिट्झची होती. ग्रहाने राजाला नाकारलं, फुलाने राणीला ठेवून घेतलं. हरण्याची गोष्ट ॲमेझॉनच्या महाकमळाची. ताटासारखी काठ उभे केलेली पानं, अडीच-तीन मीटर रुंद. १८३७ च्या पहिल्याच दिवशी रॉबर्ट शॉमबुर्कला ते ब्रिटिश गयानातल्या बर्बिस नदीत दिसलं आणि इंग्लंडमध्ये लिंडलीने त्याला ‘व्हिक्टोरिया रेजिया’ केलं. १८४९ साली चॅट्सवर्थला जोसेफ पॅक्स्टनने ते फुलवून दाखवलं, पानावर स्वतःच्या लहान मुलीला उभं केलं, आणि पानाच्या मागच्या शिरांची रचना पाहून पुढे क्रिस्टल पॅलेसचं छत बेतलं. एवढा मान. पण पोपिग नावाच्या जर्मन माणसाने १८३२ मध्येच या झाडाचं वर्णन ‘ॲमेझोनिका’ म्हणून छापलेलं होतं. वनस्पतिशास्त्राचा कायदा सरळ आहे : आधी छापेल त्याचं. म्हणून ‘रेजिया’ गेलं आणि कमळ ‘व्हिक्टोरिया ॲमेझोनिका’ झालं. प्रजातीच्या नावात राणी तग धरून आहे, तिचं राणीपण तेवढं नियमात बसलं नाही.

जहाजांना राजनाव देणं मला नेहमीच धोक्याचं वाटतं. बुडालं तर बातमी काय द्यायची? ‘रिनाउन’ म्हणून बांधायला घेतलेली एक युद्धनौका १८८७ च्या सुवर्णमहोत्सवासाठी ‘व्हिक्टोरिया’ झाली, भूमध्य समुद्रातल्या ताफ्याचं मुख्य जहाज झाली, आणि २२ जून १८९३ ला लेबनॉनच्या किनाऱ्याजवळ सरावात आपल्याच ‘कॅम्परडाउन’ची धडक बसून तळाशी गेली. ॲडमिरल ट्रायनने दोन रांगांना समोरासमोर वळण्याचा हुकूम दिला होता. मधलं अंतर पुरणार नाही हे हाताखालच्यांना दिसत होतं, विचारायचं धाडस पुरेसं झालं नाही. ट्रायनसकट ३५८ माणसं गेली. राणी आणखी सात वर्षं जगली.

मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनसही त्याच सुवर्णमहोत्सवाचं. १९९६ मध्ये ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ आलं. एका राजनावाच्या जागी दुसरं, पण फरक मोठा आहे. पहिलं नाव वरून खाली आलेलं, दुसरं खालून वर मागितलेलं. तरी गर्दीतून ‘व्हीटी’ अजून ऐकू येतं, आणि ते म्हणणाऱ्याच्या मनात कुणाही राणीबद्दल तिळमात्र आदर नसतो, दोन अक्षरं सोपी पडतात इतकंच. माल्टाच्या गोझो बेटावर याच्या उलट झालं. तिथलं राबात हे गाव त्याच १८८७ साली ‘व्हिक्टोरिया’ केलं, गावकरी आजही राबातच म्हणतात. जीभ कुठल्या बाजूला झुकेल ते आधी सांगता येत नाही. रशियात पीटरने १७०३ साली शहर वसवलं आणि नाव दिलं संत पीटरचं. आपलं नाव आणि नम्रता, एका दगडात दोन पक्षी. त्याचं पेट्रोग्राड झालं, लेनिनग्राद झालं, १९९१ च्या मतदानाने पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झालं. भोवतालचा प्रांत मात्र अजूनही लेनिनग्राद प्रांतच आहे. झार शहरात, लेनिन वेशीबाहेर.

हे सगळं जुन्या काळातलं म्हणून सोडून द्यावं असं वाटत असतानाच २०१२ साल आठवतं. दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली होती. १८ डिसेंबरला ती ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या बैठकीला पाहुणी म्हणून बसली. शांततेच्या काळात राजा किंवा राणी अशी बसण्याचा आधीचा प्रसंग १७८१ चा, तिसऱ्या जॉर्जचा, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्याच दिवशी परराष्ट्र खात्यात तिला भेट जाहीर झाली : अंटार्क्टिकातला सुमारे ४ लाख ३७ हजार चौरस किलोमीटरचा तुकडा यापुढे ‘क्वीन एलिझाबेथ लँड’. खुद्द ब्रिटनच्या जवळजवळ दुप्पट. वर्तमानपत्रांनी ती गोड बातमी म्हणून छापली. पण त्याच बर्फावर अर्जेंटिनाचाही दावा आहे, आणि १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने सगळ्यांचेच दावे आहेत तिथे गोठवलेले. जमिनीवर नवं निशाण रोवता येत नाही, नाव ठेवायला मात्र कराराची आडकाठी नाही. अर्जेंटिनाला हे लगेच कळलं. काही दिवसांत ब्युनोस आयर्समध्ये ब्रिटिश राजदूताला बोलावून घेतलं गेलं आणि निषेधाचं पत्र हातात ठेवलं गेलं. पत्रात राणीबद्दल तक्रार नव्हती.